गिअर कोणीं बदलावा ?

मोटार कोणती घ्यावी हा प्रश्न हल्लीं सुशिक्षित घरांतून मुलीच्या स्थळाइतक्याच गांभीर्यानें चर्चिला जातो. रंग, किंमत, पेट्रोल कीं डिझेल यांविषयीं घरांतल्या प्रत्येकाचें, अगदीं आठवींतल्या नातवाचेंहि, मत ठरलेलें असतें. परंतु ज्यांस शहरच्या डांबरी रस्त्यापलीकडे, घाटांतून, चिखलांतून आणि ओढ्यांतून जावयाचें असतें त्यांच्यापुढें आणखी एक प्रश्न उभा राहतो, व त्यावरून आमच्या घरीं श्रावणापासून माघापर्यंत वाद चालला होता. गिअर माणसानें आपल्या हातानें बदलावयाचा, कीं तें काम यंत्रावर सोंपवावयाचें ?

वादास निमित्त झाली ती आमची धाकटी सून. ती डॉक्टर असून मोखाडा तालुक्यांत एका आरोग्यकेंद्रावर काम करते. शनिवारीं सायंकाळीं कळंबास येते आणि सोमवारीं पहाटे, वाडींतल्या मोगऱ्याच्या टोपल्या दादरच्या बाजारासाठीं निघतात त्याच सुमारास, तीहि निघते. नालासोपाऱ्याहून महामार्ग, महामार्गानें मनोर, तेथून विक्रमगड, जव्हार आणि मग मोखाडा असा तिचा रस्ता. मनोरपर्यंत मालमोटारींची रांग, पुढें जव्हारपर्यंत चढ आणि वळणें. आणि मोखाड्याहून पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या वाटांस पावसाळ्यांत वाट म्हणावें कीं ओढा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पालघर जिल्हा २०१४ सालीं ठाण्यापासून वेगळा झाला. परंतु आमच्या किनाऱ्याचें पालघर आणि तिच्या डोंगरांतलें पालघर हीं अजून दोन निराळीं जगें आहेत.

२०२४ च्या श्रावणांतली गोष्ट. एका पाड्यावरची बाई अडलेली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका खालीं पक्क्या सडकेवर येऊन थांबलेली, कारण पुढची मातीची वाट अरुंद, तेवढ्या मोठ्या गाडीस वळावयास जागा नाहीं. सूनबाईनें आपली लहान मोटार वर नेली, बाईस व तिच्या सासूस मागें बसविलें आणि ती परत निघाली. मध्यें एका ओढ्याची उतरण व लगेच पलीकडे चढ. जातांना जी वाट बरी होती ती मधल्या सरीनें लोण्यासारखी झालेली. त्या चढावर मोटार तीन वेळां बंद पडली. हातब्रेक ओढावयाचा, इंजिन सुरू करावयाचें, क्लच अर्धवट सोडावयाचा, चाकें फिरूं लागलीं कीं पुन्हां दाबावयाचा. शेवटीं क्लच जळल्याचा वास येऊं लागला. चौघां गांवकऱ्यांनीं ढकलून मोटार वर काढली. बाई रुग्णवाहिकेंत पोंचली, बाळबाळंतीण सुखरूप आहेत. परंतु रविवारीं पंक्तीस बसल्यावर हें सर्व सांगून झालें आणि सूनबाई म्हणाली, “मामंजी, मला दुसरी गाडी पाहिजे, आणि ती क्लच नसलेली पाहिजे.”

यावर आमचे वडील बंधु अण्णा हातांतला घांस तसाच ठेवून तिच्याकडे पाहूं लागले. अण्णांनीं पाटबंधारे खात्यांत तीस वर्षें काढलीं. सूर्या नदीवरच्या धामणीच्या धरणाकडे जातांना ते महिंद्राची जीप स्वतः चालवीत, आणि त्या जीपबद्दल ते अजून घरच्या बैलाबद्दल बोलावें तसे बोलतात.

“अगं, गाडी चढली नाहीं ती पुढच्या दोनच चाकांस जोर होता म्हणून. त्यांत क्लचचा काय अपराध ? चारी चाकांस जोर असलेली गाडी घे, गिअर मात्र हातांतच ठेव. तो लगाम आहे.”

“अण्णा, चाकें घसरलीं हें खरें. पण इंजिन तिन्ही वेळां बंद पडलें तें माझ्या पायाखालीं. मागें ती बाई कळा देत होती आणि माझें निम्में लक्ष डाव्या पायाकडे होतें. तें लक्ष मला तिच्याकडे आणि वाटेकडे पाहिजे होतें.”

अण्णांनीं घांस तोंडांत घातला. पहिल्या दिवसाचा वाद तेथेंच थांबला.

पुढें पुतण्यानें मध्यें पडून, “बायकांस ऑटोमॅटिकच बरी, सोपी पडते,” असें एक वाक्य टाकलें. आम्हांस तें मुळींच रुचलें नाहीं. जी बाई भर पावसांत ओढ्यापलीकडून अडलेल्या बाईस घेऊन येते तिला सोपें तेवढें द्यावें, ही भाषा शोभत नाहीं. माणसाजवळ लक्ष म्हणून जें कांहीं असतें तें मोजकें असतें. तें कोठें खर्चावें एवढाच तिचा प्रश्न होता, आणि तो अगदीं रास्त होता.

घरांतल्या वादांत निवाडा देण्याचें काम निवृत्त मास्तरांकडे येतें, तसें तें आमच्याकडे आलें. जुन्या अकरावीची मॅट्रिक, पुढें संस्कृताचें अध्ययन आणि मग मुलांना रूपें पाठ करून घेणें, यांत आमचें आयुष्य गेलें. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु व्याकरणानें एक संवय लागली आहे. वाद करणारे दोघे एकच शब्द वापरीत असले तरी त्याचा अर्थहि एकच घेतात कीं नाहीं, हें आधीं पाहावें. ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द तसाच निघाला. बाजारांत त्या एका नांवाखालीं निदान चार निरनिराळीं यंत्रें विकलीं जातात.

पहिलें ‘एएमटी’. यांत क्लच आणि गिअर नेहमींचेच असतात. फक्त आपल्या हातापायांऐवजीं एक यंत्र ते दाबतें व बदलतें. आपल्याकडे २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओपासून हें घरोघर गेलें. गांवांतल्या गर्दींत तें बरें. पण चिखलांतल्या चढावर गिअर बदलतांना क्षणभर जोर तुटतो, आणि तेवढ्या क्षणांत चाक बसतें. दुसरें दोन क्लचचें. तें चपळ असतें, परंतु चढावर गोगलगाईच्या गतीनें बराच वेळ चालविलें तर क्लच तापतात. तिसरें पट्ट्याचें व कप्प्यांचें ‘सीव्हीटी’. सडकेवर मऊ चालतें, दगडधोंड्यांतल्या ओढाताणीसाठीं तें नव्हे. म्हणजे सूनबाईनें नुसता ‘क्लच नसलेली’ एवढाच आग्रह धरला असता तर तिच्या वाट्यास आहे त्याहून वाईट गाडी येण्याचाहि संभव होता.

चौथें यंत्र तें खरें. त्यास ‘टॉर्क कन्व्हर्टर’ म्हणतात. हेर्मान फ्योटिंगर नांवाच्या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं जहाजांसाठीं त्याची कल्पना पेटंट केली. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू करावा, म्हणजे त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. तसेंच हें, फक्त वाऱ्याच्या जागीं तेल. इंजिन एका चक्रानें तेल फेंकतें, त्या तेलानें दुसरें चक्र फिरतें, व मध्यें तिसरें एक चक्र परतणाऱ्या तेलास असें वळण देतें कीं निघतांना जोर सुमारें दुप्पट होतो. यांत घासून झिजणारा, पायानें सांभाळावयाचा क्लच नाहीं. चढावर चाकें जागच्या जागीं थांबलीं तरी इंजिन बंद पडत नाहीं. तेल घुसळत राहतें आणि चाकांवरचा जोर कायम राहतो. उजवा पाय थोडा अधिक दाबला कीं मोटार हळूहळू, दगडावरून पाऊल टाकावें तशी, चढते. ओढ्यापलीकडच्या त्या चढावर जें पाहिजे होतें तें हेंच.

आमच्या कळंबच्या किनाऱ्यावर याची प्रचीति दर रविवारीं येते. ओहोटीची ओली रेती कठीण असते, परंतु सुरूच्या झाडांकडची कोरडी रेती भुसभुशीत. मुंबईहून हौशी तरुण मोठ्या मोठ्या मोटारी घेऊन येतात आणि त्या रेतींत रुततात. हातच्या गिअरवाला पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाण्यासाठीं क्लच दाबतो, तेवढ्यांत गति मरते व चाकें खोल जातात. ऑटोमॅटिकवाल्याचा जोर तुटत नाहीं म्हणून तो पुष्कळदां बाहेर पडतो; पण त्यानेंहि फार वेळ झगडत बसलें तर गिअरपेटीचें तेल तापतें, आणि मग थांबून तें निवूं देण्यावांचून गत्यंतर नसतें. अशा वेळीं पहिला उपाय गिअरचा नसून चाकांतली हवा कमी करण्याचा आहे, हें त्या बिचाऱ्यांस कोणी सांगितलेलें नसतें. कर्णाच्या रथाचें चाक भूमीनें गिळलें तेव्हां तें उचलावयास महारथी स्वतः खालीं उतरला होता. आमच्याकडचे महारथी पांढऱ्या बुटांनिशीं उतरतात. इकडे भरती-ओहोटींत चार-पांच मीटरांचें अंतर पडतें व ओहोटीपासून सहा तासांत पाणी परत येतें. किनारा हा मोटारीचा रस्ताच नव्हे, आणि खारें पाणी लागलेली मोटार पुढें वर्षभर आंतून गंजत राहते.

अण्णांचा पक्ष मात्र दुबळा नव्हता. ‘जंगलांत ऑटोमॅटिक म्हणजे सुखवस्तूंचे लाड’ असें ते म्हणत. इतिहासाचा पुरावा दोन्हीकडे आहे. दुसऱ्या महायुद्धांत जगभर गाजलेली विलिस जीप तीन गिअरांची, हातानें चालवावयाची होती. त्याच अमेरिकन सैन्याच्या ‘एम-५’ जातीच्या हलक्या रणगाड्यांत मात्र कॅडिलॅकचीं दोन इंजिनें आणि ‘हायड्रामॅटिक’ नांवाची आपोआप बदलणारी गिअरपेटी बसविली होती. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनीं जीप आपल्याकडे आणली, १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली. दोन्ही हातच्या गिअरच्या. त्यामुळें आपल्याकडच्या जाणत्या चालकांची एक अख्खी पिढी क्लचवरच घडली व तिचें मन तिकडे ओढतें यांत नवल नाहीं. २०२० च्या ऑक्टोबरांत नाशकास तयार होणारी नवी थार आली, तेव्हां तिच्यांत प्रथमच दोन्ही प्रकार मिळूं लागले. २०२३ च्या जूनमध्यें मारुतीची जिम्नी आली, तींतहि दोन्ही. फोर्सची गुरखा मात्र २०२४ सालीं पांच दारांची झाली तरी हातच्याच गिअरची राहिली, आणि तिचे चाहते म्हणतात, राहूं दे.

अण्णांची पहिली हरकत धक्क्याची. रात्रीं पाड्यावर बॅटरी उतरली तर हातच्या गिअरची गाडी चार माणसें ढकलून सुरू करतात. ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाहीं. हें खरें आहे. पण त्यास एक पुरवणी जोडली पाहिजे. अण्णांच्या जुन्या डिझेल जीपला एकदां चाकें फिरलीं कीं विजेची गरजच नसे. आजच्या मोटारींत पेट्रोल पोंचविणारा पंप आणि इंजिनाचा हिशेब ठेवणारा संगणक दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी थकलेली असेल तर धक्का उपयोगी पडेल. अगदींच मेलेली असेल तर हातच्या गिअरचीहि गाडी तेथेंच उभी राहील. यावर उपाय म्हणून खिशांत मावेल एवढी, तारा जोडून इंजिन सुरू करणारी बॅटरी हल्लीं मिळते. ती घ्यावी आणि महिन्यास एकदां भरावी. दुसरी गोष्टच लोक विसरतात.

दुसरी हरकत दुरुस्तीची, व तिला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. क्लचची तबकडी जव्हारास कोणीहि कारागीर बदलून देईल. टॉर्क कन्व्हर्टरची गिअरपेटी बिघडली तर मोटार मोठ्या गाडीवर लादून शहरांत आणावी लागेल, आणि खर्च ऐकून बसावें लागेल. मूळ किंमतच लाखाच्या वर अधिक पडते. तेल वेळच्या वेळीं, डोंगरांत व चिखलांत वापर असेल तर वेळेच्या थोडें आधींच, बदलावें, एवढेंच हातांत राहतें.

तिसरी हरकत उताराची. अण्णांच्या सर्व बोलण्यांतलें हें खरें मर्म, आणि येथें थोडें थांबलें पाहिजे. ज्या गिअरवर घाट चढावयाचा त्याच गिअरवर उतरावयाचा, हा जुन्या चालकांचा नियम. इंजिन मोटारीस मागें धरून ठेवतें व ब्रेक थंड राहतात. नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात, त्यांतलें तेल उकळूं लागतें, आणि एका वळणावर पाय दाबावा तों तो सरळ तळाशीं जातो. ऑटोमॅटिकची गंमत अशी कीं दांडा नेहमींच्या ‘डी’वर ठेवून उजवा पाय उचलला, म्हणजे यंत्रास वाटतें आतां जोर नको आहे, आणि तें आपण होऊन वरच्या गिअरवर जातें. म्हणजे उतारावर माणसास जें पाहिजे त्याच्या उलट. त्यास समोरचा उतार दिसत नाहीं. तो चालकासच दिसतो. म्हणून घाटाच्या माथ्यावर, उतरण लागण्यापूर्वींच, दांडा ‘२’वर किंवा ‘एल’वर आणावा लागतो. हल्लीं उतारावर आपण होऊन ब्रेक धरणारी योजनाहि मोटारींत असते व निसरड्या जागीं ती चांगली. पण मैल दीड मैल घाटासाठीं तिच्यावर विसंबूं नये. कांहीं शहाणे पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून उतरतात. इंजिन बंद झालें कीं ब्रेकला मिळणारी यंत्राची मदत लौकरच संपते आणि सुकाणूचें चाक जड होतें. चार पैशांच्या पेट्रोलासाठीं हें करणाऱ्यांस काय म्हणावें! आणखी एक गोष्ट अण्णांच्या पदरांत टाकलीच पाहिजे. चारी चाकांच्या ‘लो रेंज’मध्यें पहिल्या गिअरवर हातची गाडी जितकी घट्ट उतरते, तितकी ऑटोमॅटिक उतरत नाहीं, तेलाचा सांधा थोडा सैल तो सैलच.

घरच्या मंडळींच्या दृष्टीनें आम्हांस मात्र निराळीच भीति वाटत होती. आमच्याकडच्या वाटा म्हणजे दोन वाड्यांमधल्या गल्ल्या. एका बाजूस केळीची वाडी, दुसऱ्या बाजूस बावखल, आणि मध्यें खेळणारीं मुलें. ऑटोमॅटिक मोटार ब्रेकवरचा पाय उचलतांच, गति न देतांहि, आपण होऊन पुढें सरकते. क्लचची संवय असलेल्या माणसाचा डावा पाय घाईंत क्लच शोधतो आणि रुंद ब्रेकवर आदळतो. आणि म्हातारपणीं घाबरून ब्रेकऐवजीं दुसरेंच दाबलें जाणें हीहि ऐकीव गोष्ट नव्हे. म्हणून आम्हीं घरांत तीन नियम केले. डावा पाय मागें ओढून ठेवावयाचा व त्यानें कशासहि शिवावयाचें नाहीं. चढावर उभी करतांना आधीं हातब्रेक, मग ‘पी’. आणि मोटार सुरू असतां उतरावयाचें नाहीं, फाटक उघडावयासहि नाहीं.

माघांत, म्हणजे २०२५ च्या आरंभीं, शेवटीं जिम्नी घ्यावयाचें ठरलें, आणि तीहि टॉर्क कन्व्हर्टरची. अण्णांची चार चाकांची अट तींत पुरी होत होती, ‘लो रेंज’चा दांडा हातानें ओढावयाचा होता, आणि रुंदी १६४५ मिलिमीटर, म्हणजे बावखलाच्या कडेनें चाक सुखरूप जाईल इतकी. पुतण्यानें नाक मुरडलें. गिअर अवघे चार, अंगानें किडकिडी, शेजारच्यांची पाहा कशी हत्तीसारखी आहे ! आम्हांस नलोपाख्यान आठवलें. विदर्भास एका दिवसांत पोंचावयाचें होतें तेव्हां बाहुक झालेल्या नलानें तबेल्यांतले कृश घोडे निवडले, आणि ऋतुपर्ण राजा रागावला कीं हे कसले घोडे, हे काय धांवणार ! पुढें वाटेंत राजाचें उपरणें पडलें व तें घ्यावयास थांबावें म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढें गेला होता. पुतण्यास ही कथा सांगितल्यावर तो म्हणाला, “काका, पण त्या घोड्यांस गिअर किती होते ?” हल्लींच्या मुलांशीं वाद करूं नये.

अण्णांनीं एक अट घातली होती. सूनबाईनें एकटीनें डोंगरांत जाण्यापूर्वीं एकदां त्यांना शेजारीं बसवून घाट उतरून दाखवावा. त्याप्रमाणें फाल्गुनांत आम्ही चौघें त्र्यंबकेश्वरास गेलों आणि दर्शन करून मोखाड्याच्या बाजूस तोरंगणच्या घाटानें परतलों. माथ्यावर तिनें मोटार थांबविली, दांडा ‘२’वर घेतला व निघाली. अण्णा खिडकीबाहेर पाहात असल्यासारखें दाखवीत होते, पण त्यांची बोटें गुडघ्यावर मोजत होतीं. वळण आलें कीं ब्रेक, वळण संपलें कीं पाय मोकळा. इंजिनाचा आवाज चढा होता आणि गति एकसारखी. एका मालमोटारीमागें तिनें ‘एल’वर घेतला तेव्हां अण्णांची मान किंचित् हलली.

खालीं सपाटीवर एका वडाखालीं आम्ही चहासाठीं थांबलों. अण्णा सर्वांआधीं उतरले आणि पुढच्या चाकापाशीं वांकून, धरणावरच्या दिवसांत करीत तसा, चाकाजवळ हात नेऊन ऊब पाहूं लागले. मागच्या चाकाजवळहि पाहिलें. मग कांहीं न बोलतां त्यांनीं सूनबाईपुढें किल्लीसाठीं हात केला.

जव्हारपर्यंत अण्णांनीं मोटार चालविली. उजव्या पायानें सर्व कांहीं व्यवस्थित चाललें होतें. परंतु प्रत्येक चढाच्या पायथ्याशीं त्यांचा डावा पाय मागून पुढें येई आणि रिकाम्या तळावर दाबला जाई. सूनबाई तें पाहात होती, आम्हीहि पाहात होतों.